ताईच्या स्क्रीनवरची वाकडी रेघ

४ फेब्रुवारी, सोमवार

ताईचा कॉम्प्युटर आज गेला. म्हणजे अगदीच नाही गेला. स्क्रीनवर उभे हिरवे पट्टे आले आणि मग काळोख. उघडून पाहिलं तर डिस्प्ले कार्डावरचा पंखा धुळीने कधीचा जाम होऊन बसला होता आणि कार्ड शेकून निघालं होतं. इतकी वर्षं चाललं हेच खूप.

नोंद नीट राहावी म्हणून पहिल्यापासून लिहितो. ताई माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, आता एकसष्टची. फितीच्या कारखान्यात नक्षी काढते. कपड्यांच्या कडेला लावतात त्या विणलेल्या फिती. त्यांच्यावरची वेलबुट्टी आधी कॉम्प्युटरवर जाळीत भरायची, एक चौकट म्हणजे एक धागा. भरून झालं की फ्लॉपीवर घ्यायचं आणि फ्लॉपी मागाला द्यायची. माग जुना, त्याचा प्रोग्राम जुना, आणि तो प्रोग्राम वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या विंडोजशिवाय दुसऱ्या कशावरही चालत नाही. त्यामुळे जग कुठल्या कुठे गेलं तरी ताईच्या टेबलावर तीच पेटी आहे. ती जिवंत ठेवायचं काम माझं. माझा धंदाच तो, म्हाताऱ्या मशिनांचे लाड करणं.

मॅनेजर दारात उभा राहून ऐकत होता. माणूस वाईट नाही. म्हणाला, मार्चअखेर बारा नव्या नक्ष्या मागावर चढल्याच पाहिजेत. नाही जमलं तर नक्ष्या बाहेरून करून घेऊ, नवे माग आणू, आणि ताईंनाही जरा आराम मिळेल. ‘आराम’ हा शब्द त्याने फार मायेने उच्चारला. छत्तीस वर्षं ताई त्या खोलीत बसते आहे, आधी कागदावर आणि मग या पेटीवर. तिला आराम देणं म्हणजे काय, ते मला न सांगता कळतं.

माझा नियम इथेही तोच. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम हलवल्या की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं याचा पत्ता लागत नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

भंगारवाल्याकडून त्याच काळातलं एक कार्ड मिळालं. बसवलं. मशिन उठलं, पण सोळा रंगांत आणि ही एवढाली अक्षरं. ड्रायव्हर, म्हणजे मशिनला कार्डाची भाषा शिकवणारा छोटा प्रोग्राम, नसला की असंच होतं. नवीन पाहुणा घरात आलाय, पण त्याची भाषा कुणालाच येत नाही, म्हणून सगळे हातवारे करून बोलतात, तशातली गत. ताईचा प्रोग्राम दोनशे छप्पन रंगांशिवाय उघडत नाही. एक चौकोन दाखवतो आणि बंद होतो.

ताईने विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन.

७ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस झाले. ड्रायव्हरने नाकी नऊ आणले आहेत.

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढायचा राहिला होता, तो सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून उपटला. नव्या कार्डाबरोबर सीडी नव्हती. त्याच कंपनीच्या दुसऱ्या कार्डाची सीडी माझ्याकडे होती, ती दिली. मशिन म्हणतं, हे कार्ड माझ्या यादीत नाही. यादीच्या फाइलमध्ये कार्डाचा नंबर हाताने घातला. मग विंडोजची मूळ सीडी मागितली. ती दिली तर म्हणे फाइल सापडत नाही. शेवटी सगळं बसलं, मशिन परत चालू केलं, तर काळा स्क्रीन. पुन्हा सेफ मोड. हे असं चार वेळा.

ताई शेजारी बसून होती. मला चहा ओतून दिला तो अर्धा बशीत आणि बाकीचा टेबलावर. टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली पुठ्ठा घातला.

११ फेब्रुवारी, सोमवार

जमलं. आणि कारण इतकं साधं, की सांगायची लाज वाटते. चूक क्रमाची होती. मदरबोर्डाचा स्वतःचा एक ड्रायव्हर असतो, तो आधी बसवायचा आणि मग कार्डाचा. आधीच्या कार्डाच्या वेळी तो कुणीतरी बसवला असणार. मी सगळं उपटताना तोही उपटला गेला. म्हणजे घोडं माझ्यामुळेच अडलं होतं.

पूर्ण रंग, बारीक जाळी, सगळं झकास. ताईने जुनी एक वेलबुट्टी उघडली आणि खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, “ठोक्या, जमलं रे तुला.” लहानपणी मी घरातलं घड्याळ हातोडीने उघडलं होतं, तेव्हापासून तिच्या तोंडी माझं हेच नाव आहे. मला बावन्न वर्षं झाली आहेत, हे तिला मान्य नाही.

काम संपलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं नाही. दुपारी सव्वादोनला ताईचा फोन आला. जाळीच्या रेघा वाकड्या दिसतात म्हणाली. कडेला ठीक, पण मधोमध उभ्या रेघा पोट आल्यासारख्या झुकतात.

चारला पोचलो. मला सरळ दिसल्या. ताईला विचारलं, तर म्हणाली, अजून तशाच आहेत, तू नीट बघत नाहीस.

आता ही गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. गिऱ्हाईक म्हणतं आणि मला दिसत नाही, असं झालं की मी गिऱ्हाइकावर विश्वास ठेवत नाही. शंभरातले नव्वद जण चष्मा घरी विसरलेले असतात. पण ताईची गोष्ट वेगळी. ती दारातून आत येता येता, माग चालू असताना, चार हात लांबून सांगते की तिसऱ्या फितीत एक धागा चुकलाय. आणि तो चुकलेला असतो. लहानपणी माझी गणिताची वही उलटी धरून ती चुका काढायची. मी आजवर तिची नजर चुकलेली पाहिली नाही. तेव्हा ताईला वाकडं दिसतंय आणि मला सरळ दिसतंय, तर चूक माझ्या डोळ्यांची किंवा मशिनची. अधूनमधून येणारा दोष असणार. असे दोष सगळ्यांत त्रासदायक, आपण समोर बसलो की गुणी बाळासारखे गप्प राहतात.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

बदल पहिला. स्क्रीन एका सेकंदात किती वेळा उजळायचा, तो आकडा साठवरून पंचाऐंशी केला. ताई म्हणाली, बरं वाटतंय. तासाभराने म्हणाली, नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

बदल दुसरा. भिंतीपलीकडे माग आहेत, त्यांच्या मोटरी जबरदस्त. काचेच्या जुन्या मॉनिटरवर चुंबकाचा परिणाम होतो, चित्र ओढलं जातं. हे पुस्तकी कारण आहे आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. टेबल खिडकीच्या बाजूला ओढलं. मॉनिटरचं बटण दाबून त्यातलं चुंबकत्व काढलं. तीन माणसं लागली टेबल हलवायला. मागावरचा कारागीर म्हणाला, आता पुढच्या आठवड्यात खोलीच हलवा.

ताई नव्या जागी मान तिरकी करून बसते, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येत असणार. पडदा लावायला सांगितलं.

रेघा अजून वाकड्या आहेत.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

मशिनच्या आतल्या सेटिंगमध्ये डिस्प्ले कार्डाला स्वतःची वेगळी लाइन दिली. आधी ते साऊंड कार्डाबरोबर एकाच लाइनवर होतं, दोघांची भांडणं होत असतील. फरक नाही.

ताईची एक नक्षी पूर्ण झाली. नऊ दिवसांत एक. एरवी दोन दिवसांत व्हायची.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बदल चौथा. मॉनिटरच बदलला. माझ्या दुकानातला चांगला, स्वतः वापरतो तो नेला. ताईने खुर्चीत बसून जाळी उघडली आणि थोडा वेळ बघत राहिली. मग उजव्या डोळ्यावर तळहात धरला, काढला, परत धरला. डोकं दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाली. मग म्हणाली, “यातही तसंच आहे, ठोक्या.”

तर मॉनिटर निर्दोष. म्हणजे कार्ड किंवा ड्रायव्हर. एका अर्थी बरंच झालं, संशयितांतला एक कमी झाला. ताईला तसं सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे ड्रायव्हरच असेल?” मी म्हटलं, शंभर टक्के. तिला हायसं वाटलेलं दिसलं.

१ मार्च, शुक्रवार

ड्रायव्हरची जुनी आवृत्ती बसवली. मग त्याहून जुनी. तिसरी बसवली, तर मशिन पुन्हा सोळा रंगांवर गेलं आणि सगळा दिवस त्याला माणसात आणण्यात गेला.

४ मार्च, सोमवार

आज मशिनकडे गेलो नाही. बायकोशी वाद झाला तो लिहितो.

तिला ताई काल बाजाराच्या गल्लीत भेटली. अगदी समोरासमोर आली आणि तशीच पुढे चालली होती. बायकोने हाक मारल्यावर, आवाज ऐकून थांबली. बायको म्हणते, वन्संचे डोळे दाखवा कुणाला तरी. मी म्हटलं, गेल्याच वर्षी नवा चष्मा केलाय. ती म्हणाली, वर्षात काय काय होतं. मी म्हटलं, ताई तंद्रीत असेल, मार्चअखेरचं ओझं आहे तिच्या डोक्यावर. ती म्हणाली, तुम्हाला सगळ्याचा ड्रायव्हरच दिसतो.

हे बोलणं मला लागलं. मी तिला म्हटलं, ज्या बाईने आयुष्यभर एकेक धागा मोजला, तिच्या नजरेबद्दल तू मला सांगू नकोस.

७ मार्च, गुरुवार

सपाट स्क्रीन नेला. यात काचेची नळी नाही, चुंबकाचा प्रश्न नाही. चित्राच्या चौकटी जिथल्या तिथे पक्क्या बसवलेल्या असतात, त्यांना वाकायला जागाच नाही. तरीही ताई म्हणते, मधोमध रेघा झुकतात. आता मधे एक करडा डागही आहे म्हणे, अंगठ्याच्या नखाएवढा. डाग नवा आहे. दोष वाढतोय.

मला यात डाग दिसत नाही. मॅनेजरला बोलावून दाखवलं, त्यालाही नाही. ताई म्हणाली, “तुम्ही दोघं आलात की जातो.” मी मॅनेजरला अधूनमधून येणाऱ्या दोषांबद्दल पंधरा मिनिटं समजावलं. त्याने घड्याळ बघितलं.

११ मार्च, सोमवार

हार्ड डिस्क कोरी केली. विंडोज नव्याने, क्रमाने, एकेक ड्रायव्हर. आधी मदरबोर्ड, मग कार्ड. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत. इतकं स्वच्छ मशिन माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

ताई आली, बसली, म्हणाली, “छान झालंय.” मी विचारलं, रेघा? तिने थोडं थांबून सांगितलं, “थोड्या आहेत. पण चालेल मला.”

चालेल म्हणजे काय? ताईला आजवर कधी ‘चालेल’ चाललेलं नाही. ती माझं मन राखायला म्हणतेय हे न कळायला मी दूधखुळा नाही.

१४ मार्च, गुरुवार

चार नक्ष्या झाल्या आहेत, आठ बाकी. आणि आज मॅनेजरने एक फीत आणून टेबलावर ठेवली. ताईच्याच नव्या नक्षीची. पानाच्या देठाशी दोन धागे चुकले होते. मग त्याने पुढे दाखवलं, दर पानाच्या देठाशी. शंभर मीटर विणून झाली होती.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ताईने फीत हातात घेतली, डोळ्यांनी न बघता अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, “माझी चूक आहे.”

मी मधे पडलो. म्हटलं, चूक तिची नाही, मशिन नक्षी बिघडवतंय, कदाचित फ्लॉपीवर उतरताना. हा तर पुरावाच आहे. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, महिनाअखेरपर्यंत बघू. तो गेल्यावर ताईने माझ्या हातावर हात ठेवला. तिला मी आधार दिला असं मला तेव्हा वाटलं.

१८ मार्च, सोमवार

डोकं लढवून शेवटी एक चांगली युक्ती काढली. जाळी कागदावर छापायची. कागदावर सरळ आली, तर दोष कार्डात. वाकडी आली, तर प्रोग्राममध्ये. दोन्ही बाजूंनी उत्तर मिळतं.

छापली. मला सरळ दिसली. ताईच्या हातात दिली. तिने खिडकीशी नेऊन पाहिली. “कागदावर पण आहे,” म्हणाली. आवाज अगदी बारीक.

म्हणजे प्रोग्रामच. किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर. उद्या प्रिंटरचा ड्रायव्हर बदलतो.

१९ मार्च, मंगळवार

प्रिंटरचा ड्रायव्हर बदलला. फरक नाही.

२१ मार्च, गुरुवार

वाद मिटवायचाच म्हणून आज पोलादी पट्टी घेऊन गेलो. फूटभर लांबीची, वर्कशॉपमधली, जिच्यावर मी पत्रे कापतो. स्क्रीनवर जाळी उघडली, पट्टी मधल्या उभ्या रेघेला लावून धरली आणि म्हटलं, ताई, आता बघ. रेघ पट्टीला चिकटून आहे की नाही? कुठे फट दिसते?

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “फट नाही. पण तुझी पट्टी पण वाकलेली आहे.”

मी पट्टी टेबलाच्या काचेवर आडवी ठेवली. खालून नख जाईना. परत तिच्यासमोर धरली. म्हटलं, आता? ती म्हणाली, “मधे वाकली आहे.”

पट्टीला ड्रायव्हर नसतो.

हे वाक्य माझ्या डोक्यात आलं आणि पुढे काही येईना. किती वेळ पट्टी धरून उभा होतो माहीत नाही. भिंतीपलीकडे माग चालू होते. ताईने माझ्या हातातून पट्टी काढून घेतली आणि खाली ठेवली. मी म्हटलं, उजवा डोळा झाक. तिने झाकला. म्हटलं, आता कशी आहे? “सरळ.” डावा झाक. ती म्हणाली, “आता पट्टीच दिसत नाही. मधे डाग आहे. कडेला तुझा हात दिसतो.”

मॅनेजरला न विचारताच तिला घेऊन निघालो. डोळ्यांच्या दवाखान्यात आजची वेळ संपली होती. उद्या सकाळी पहिला नंबर मिळाला.

२२ मार्च, शुक्रवार

डॉक्टर तरुण बाई आहेत, हळू बोलतात. डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले, एका छोट्या कागदावर जाळी छापलेली असते ती दाखवली. मधे एक ठिपका. ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा. ताईने सांगितलं. हेच ती मला इतके दिवस सांगत होती, याच शब्दांत.

डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध सूज आहे, त्याखाली बारीक रक्तवाहिन्या फुटून पाणी आणि रक्त साचलंय. उजव्यात आता व्रण धरलाय. डाव्यात नुकती कुठे सुरुवात आहे. यावर इंजेक्शन असतं, डोळ्यात द्यायचं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत दिलं तर नजर बरीच वाचते.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? ताई म्हणाली, झाले असतील पंधरा-वीस दिवस.

मी म्हटलं, “बारा फेब्रुवारी. दुपारी सव्वादोन.”

डॉक्टरांनी लिहिता लिहिता माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, इतकं नेमकं कसं लक्षात राहिलं? म्हटलं, मी नोंद ठेवतो. मग मी सगळं सांगितलं. पंधरा तारखेला काय, अठराला काय, डाग कधी आला, केवढा होता. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता. डॉक्टरांनी फक्त अडतीस दिवस असा आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

डाव्या डोळ्यात आजच इंजेक्शन दिलं. उजव्यातही दिलं, पण फार आशा ठेवू नका म्हणाल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल की मी सांगितलं होतं. म्हणाली नाही. ताईसाठी सूप करून डबा भरला आणि मला परत पाठवलं. ती चार शब्द बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं.

२९ मार्च, शुक्रवार

ताईला घेऊन कारखान्यात गेलो. मी मॅनेजरशी बोलायची तयारी करून गेलो होतो. आणखी दोन महिने द्या, डावा डोळा सुधारतोय, मोठा स्क्रीन लावतो, चौकटी मोठ्या करतो. पाठ केलं होतं.

ताईने मला दारातच थांबवलं आणि एकटी आत गेली. दहा मिनिटांत बाहेर आली. तिने स्वतःच काम सोडलं. मॅनेजरचे डोळे ओले होते, ते मी पाहिलं. त्याने मला विचारलं, मशिनचं काय करायचं? मशिन ठणठणीत आहे, मी म्हटलं. नवं कार्ड बसल्यापासून त्याला काही झालेलंच नाही.

ताईने टेबलाच्या खणातून तिची कात्री, भिंग आणि जुन्या फितींचे नमुने लावलेली जाड वही घेतली. भिंग मला दिलं. मी नको म्हटलं. ती म्हणाली, ठेव, तुला आता लागेल.

१० एप्रिल, बुधवार

तपासणी. डाव्या डोळ्यातलं पाणी ओसरलंय. वाचता येईल, फिरता येईल, दर महिन्याला इंजेक्शन. उजव्याचा मध्य परत येणार नाही.

दुकानात चार दिवस कामाला हात लावलेला नाही. एका प्रयोगशाळेचं मशिन आलंय, त्यांना घाई आहे. गिऱ्हाईक म्हणतो, चित्र अस्पष्ट येतं. मी त्याला म्हटलं, आधी डोळे तपासून या. तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा केली.

१७ एप्रिल, बुधवार

आज दुपारी ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून फितींच्या नमुन्यांची वही बोटांनी चाळत होती. मी आठवडाभर मनात घोळवलेलं एकदाचं बोललो. माझ्यामुळे झालं. मी दुसऱ्या दिवशीच डोळ्यांकडे बघायला हवं होतं. बायकोने सांगितलं तेव्हा तरी ऐकायला हवं होतं. मी जगातली प्रत्येक गोष्ट बदलून पाहिली, फक्त तुला एकदा डॉक्टरकडे नेलं नाही.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “मला माहीत होतं.”

मला आधी अर्थच लागला नाही.

ती सांगत गेली. मी दुसरा मॉनिटर नेला, त्या दिवशी तिने सहज उजव्या डोळ्यावर हात धरला आणि रेघा सरळ झाल्या. हात काढला, वाकड्या. चार वेळा करून पाहिलं. म्हणजे पंचवीस फेब्रुवारीला तिला कळलं होतं. मी शेजारीच बसलो होतो. डोकं दुखतं का, असं विचारलं होतं. वहीत लिहिलंही आहे.

मला राग आला. असा राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता. मी जवळजवळ ओरडलोच, मग बोलली का नाहीस? त्याच दिवशी गेलो असतो. तेरा दिवसच झाले होते. वाचला असता डोळा.

ताई वहीवरचा हात न काढता म्हणाली, “डोळ्याचं निघालं असतं, तर माझं काम गेलंच होतं. आणि तू इतक्या खात्रीने म्हणालास, ड्रायव्हरच आहे, शंभर टक्के. मशिनचं असतं, तर तू नीट केलंच असतंस. तुझ्या हातून आजवर कुठलं मशिन राहिलंय? म्हणून रोज वाटायचं, मशिनचंच असू दे. तू यायचास, पेटी उघडून बसायचास, आणि संध्याकाळपर्यंत मला ते खरंच वाटायचं.”

मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो आणि रडलो, चांगला हुंदके देऊन, या वयात. तिने मला थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने तिने मान जराशी उजवीकडे वळवली, डावा डोळा माझ्यावर धरला आणि नीट न्याहाळून पाहिलं.

“दिसतंय मला,” ती म्हणाली. “नाक पूस.”